ॲपर्चर सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा आहे, ८५ मिमी एफ/१.८ ही लेन्स नुकतीच घेतली आहे आणि घेतल्या दिवसापासून एफ/१.८ सोडून दुसऱ्या आकड्याला हात लावलेला नाही. फोटो सगळे बाहेर, उघड्यावर काढता. त्यात तीन गोष्टी खटकतात. काही फोटोंत एक डोळा धारदार आणि दुसरा धूसर येतो. दुपारच्या फोटोंत डोळ्यांच्या जागी काळ्या खोबणी दिसतात. आणि मागचं दृश्य कधी छान विरघळतं, तर कधी त्याच आकड्याला गिचमिड राहतं. तर पोर्ट्रेटसाठी नेमकं ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक, किती ठेवायचं (एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आणि एफ/१.४ ची लेन्स घेतली तर हे सुटेल का?

एफ/१.४ ने सुटणार नाही. पहिली तक्रार तर वाढेल. या तिघींपैकी ॲपर्चरची तक्रार ती एकच आहे. दुसरी उजेडाची आहे आणि तिसरी अंतराची. मी बाहेर काम करतो तेव्हा आधी उजेड कुठून येतोय ते बघतो, मग माणसाच्या मागे काय आहे आणि ते किती लांब आहे, मग मी कुठे आणि किती उंचीवर उभा राहणार. एवढं ठरलं की ॲपर्चरला निवडीसाठी फार जागा उरतच नाही, एखाद-दुसरा स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी) इकडे-तिकडे. मोठ्या भोकाची लेन्स हातात आली की हा क्रम उलटा होतो. माझाही काही वर्षं झाला होता, त्यामुळे तुम्हाला दोष देत नाही.

डोळ्याचं आधी घेतो, कारण त्याचं उत्तर हिशेबात मिळतं. ८५ मिमी, एफ/१.८, माणूस २ मीटरवर: डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे धारदार दिसणाऱ्या पट्ट्याची खोली, साधारण ६ सेंटिमीटर. म्हणजे फोकस जिथे बसला त्याच्या पुढे तीन, मागे तीन. चेहरा आणि खांदे एवढीच फ्रेम हवी म्हणून तुम्ही दीड मीटरवर गेलात की हेच साडेतीन सेंटिमीटरच्याही आत येतं. आता माणसाच्या दोन बुबुळांत अंतर असतं सुमारे ६ सेंटिमीटर. चेहरा ४५ अंशांत वळवला की एक डोळा दुसऱ्यापेक्षा सव्वाचार सेंटिमीटर मागे जातो. जवळच्या डोळ्यावर फोकस धरला तर मागे मिळणारे तीन सेंटिमीटर त्याला पुरत नाहीत. लेन्समध्ये दोष नाही, तुमच्या हातातही नाही, जागाच कमी पडतेय. एफ/२.८ केलंत तर २ मीटरवर नऊ सेंटिमीटरच्या वर मिळतात, त्यातले साडेचार मागे, आणि दुसरा डोळा आत येतो. एफ/४ ला तेरा.

हे आकडे मध्यम आकाराची प्रिंट हातात धरून बघण्याच्या जुन्या मापावर आहेत. स्क्रीनवर शंभर टक्के मोठं करून बघायची सवय असेल तर मनातल्या मनात यातला तिसरा हिस्सा वजा करा. शिवाय उभा माणूस कधीच स्थिर नसतो, एक-दोन सेंटिमीटर डुलतच असतो, आणि कॅमेरा धरलेले आपणही. म्हणून फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडवर ठेवा, डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू करा आणि मधल्या बिंदूवर फोकस धरून मग फ्रेम सरकवायची जुनी सवय जवळच्या अंतरावर सोडून द्या. कॅमेरा फिरवला की फोकसचं प्रतल डोळ्याच्या मागे सरकतं. लांबचा डोळा जरा मऊ असणं हा काही गुन्हा नाही, कित्येक सुंदर फोटोंत तो तसाच असतो. पण जवळचा धूसर आणि लांबचा धारदार असेल तर तो फोटो मी ठेवत नाही, हावभाव कितीही चांगला असला तरी.

आता एक गोष्ट, जी बहुतेक जण नेमकी उलटी करतात. पूर्ण उभा माणूस ८५ ने फ्रेममध्ये घ्यायला साधारण ५ मीटर मागे जावं लागतं. तिथून एफ/१.८ लाही डेप्थ ऑफ फील्ड सदतीस सेंटिमीटरच्या आसपास असते. नाक, कान, केस, पुढे आलेला हात, सगळं त्यात मावतं. म्हणजे भोक पूर्ण उघडायची खरी जागा ही. आणि लोक काय करतात? पूर्ण उंचीच्या फोटोला "सगळं नीट यायला हवं" म्हणून एफ/५.६ वर जातात आणि चेहऱ्याच्या जवळ गेले की एफ/१.८. जवळ गेलात तर बंद करा, लांब गेलात तर उघडा. चेहरा-खांद्यांना मी एफ/२.८ ते एफ/४ च्या मध्ये असतो, कमरेपर्यंतच्या फ्रेमला एफ/२.२ ते २.८, पूर्ण उंचीला खुशाल उघडं.

दोन माणसं असतील तर हे गणित मोडतं. सुरुवातीच्या दिवसांत मी एका जोडप्याचे सगळेच्या सगळे फोटो एफ/२ वर काढले होते. ती पुढे, तो तिच्या खांद्यामागे अर्धं पाऊल. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चिमुकल्या स्क्रीनवर दोघंही स्वच्छ दिसत होते. मोठ्या स्क्रीनवर उघडलं तेव्हा प्रत्येक फोटोत तो धुक्यात उभा होता. त्याने काही म्हटलं नाही, तिने मात्र विचारलं, "याला मुद्दाम असं केलंय का?" तेव्हापासून दोन चेहरे असले की एक तर दोन्ही डोकी एकमेकांना टेकवून एका प्रतलात आणतो, नाहीतर सरळ एफ/४ किंवा ५.६. आणि स्क्रीनवर मोठं करून बघितल्याशिवाय जागा सोडत नाही.

तिसरी तक्रार, मागचं कधी विरघळतं आणि कधी नाही, ही मला सगळ्यात आवडते, कारण तिचं उत्तर कळलं की निम्मी लेन्स-खरेदी थांबते. ॲपर्चरचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थला भोकाच्या व्यासाने भागून आलेला आकडा. ८५ ला १.८ ने भागा, ४७ मिमी येतात. समोरून लेन्समध्ये बघितलं की दिसणारं भोक तेवढं रुंद असतं. खूप लांबचा एखादा दिवा फोटोत गोळा होऊन येतो ना, त्या गोळ्याचा आकार माणसाच्या चेहऱ्याच्या मापाने मोजलात तर तो बरोबर या भोकाएवढा भरतो: ४७ मिमी, म्हणजे उघड्या डोळ्याच्या लांबीच्या जवळजवळ दीडपट. हे झालं खूप लांबच्या दिव्याचं. पार्श्वभूमी जवळ असेल तर त्याचा अंशच मिळतो, आणि तो अंश म्हणजे माणसापासून पार्श्वभूमीचं अंतर भागिले कॅमेऱ्यापासून पार्श्वभूमीचं अंतर.

उदाहरण घ्या. माणूस तुमच्यापासून २ मीटरवर, त्याच्या मागे १ मीटरवर भिंत. अंश एक तृतीयांश, धूसरपणा १६ मिमी. भिंतीचे पोपडे, वायर, खिळे सगळं ओळखू येईल, फक्त जरा पुसट. आता भिंत नाही, ८ मीटर मागे झाडी आहे. अंश आठ दशांश. एफ/१.८ ला ३८ मिमी, पण गंमत पुढे आहे: एफ/४ लाही १७ मिमी. म्हणजे एफ/४ ला आठ मीटर मागची झाडी, एफ/१.८ ला एक मीटर मागच्या भिंतीपेक्षा जास्त विरघळते. तुमच्या ज्या फोटोंत गिचमिड आहे ते पुन्हा उघडून बघा. माणूस भिंतीला, कुंपणाला किंवा झुडपाला खेटून उभा असणार. तिथे उभं राहायला कुणी सांगत नाही, माणसं आपोआप टेकायला जागा शोधतात. त्यांना तिथून सोडवून मोकळ्यात आणणं हे फोटोग्राफरचं काम.

याच हिशेबाने २०० मिमी एफ/४ चं भोक ५० मिमी होतं. म्हणजे तेवढीच फ्रेम ठेवली तर लांबच्या पार्श्वभूमीला ती लेन्स तुमच्या ८५ एफ/१.८ एवढीच विरघळवते, आणि चेहऱ्यावर डेप्थ ऑफ फील्ड मात्र दुपटीहून जास्त देते. झूमला कमी लेखणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं. अडचण एवढीच की माणूस पावणेपाच मीटर लांब जातो आणि बोलायला ओरडावं लागतं.

किती विरघळलं याइतकंच काय विरघळलं हेही बघा. पानांच्या फटींतून दिसणारं पांढरं आकाश ही सगळ्यात वाईट पार्श्वभूमी. प्रत्येक फट एक कडक कडेचा गोळा होते आणि चेहऱ्याभोवती मणी सांडल्यासारखे दिसतात, फ्रेमच्या कडेला तर ते दबून मांजरीच्या डोळ्यासारखे लांबट होतात. त्याच झाडाची सावलीतली बाजू, चेहऱ्यापेक्षा एक-दीड स्टॉप गडद, कितीतरी शांत असते. डोळे बारीक करून बघायची चित्रकारांची युक्ती इथे कामाची आहे. डोळे किलकिले केल्यावर चेहऱ्याआधी दुसरं काही चमकत असेल तर जागा बदला.

आता उजेड. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती, पण तुम्ही ॲपर्चर विचारलंत.

दुपारच्या उन्हात खोबणी काळ्या होतात कारण सूर्य डोक्यावर असतो आणि कपाळ, भुवया, नाक आपापल्या सावल्या खाली टाकतात. सूर्य किती वर आहे हे मोजायला ॲप लागत नाही, जमिनीवरची स्वतःची सावली बघा. सावली उंचीएवढी असेल तर सूर्य ४५ अंशांवर आहे. सावली तुमच्यापेक्षा आखूड झाली की थेट उन्हात समोरून चेहरा घेण्यात अर्थ नाही. सावली उंचीच्या दुप्पट-तिप्पट लांब झाली की तोच सूर्य कामाचा होतो. आणखी एक सवय लावून घ्या: नव्या जागी पोचलात की स्वतःची मूठ चेहऱ्याच्या उंचीवर समोर धरा आणि जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. बोटांच्या सांध्यांवरच्या सावल्या कधी कडक, कधी मऊ होताना दिसतील. जिथे मुठीची एक बाजू उजळ आणि दुसरी हलकेच गडद होते, तिथे माणसाचं तोंड त्या दिशेला करा. लोक बघतात, बघू देत.

दुपारी काम करावंच लागलं तर सावली शोधायची, पण कुठलीही सावली नव्हे. झाडाखालची कवडशांची सावली चेहऱ्यावर पांढरे ठिपके पाडते आणि ते कुठल्याही सॉफ्टवेअरने धड निघत नाहीत. हवी ती सावली अशी, की डोक्यावर काहीतरी आहे आणि समोर आकाश मोकळं आहे: छज्जा, कमान, व्हरांडा, उंच भिंतीचा पायथा, दाट झाडाच्या सावलीचा काठ. वरून येणारा उजेड अडतो, समोरच्या आकाशाचा मोठा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आणि डोळ्यांत त्याचं प्रतिबिंब चमकतं. काठ हा शब्द महत्त्वाचा आहे. माणसाला सावलीत उभं करा, पण उन्हाच्या सीमेपासून एक-दोन पावलं आतच. फार आत नेलंत तर चेहरा मळकट होतो. सीमेजवळची उन्हातली जमीन फिकट रंगाची असेल तर तीच खालून रिफ्लेक्टरचं काम करते आणि हनुवटीखालची सावली उचलते.

रिचर्ड अॅव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या कामकरी माणसांचे जे पोर्ट्रेट काढले, ते सगळे असेच आहेत. ८ बाय १० इंच फिल्मचा मोठा कॅमेरा, मागे भिंतीला चिकटवलेला पांढरा कागद, आणि सावली. ऊन चेहऱ्यावर कुठे बघायचं ते ठरवून टाकतं, म्हणून त्यांनी ते टाळलं. त्या फोटोंत विरघळलेली पार्श्वभूमी नाही, सोनेरी किरणं नाहीत, आणि तरी त्या चेहऱ्यांवरून नजर हलत नाही. मला कुणी धूसर पार्श्वभूमीशिवाय पोर्ट्रेट होत नाही असं म्हटलं की मी ते फोटो दाखवतो.

सावलीचा एक दोष सांभाळायचा असतो, तो रंगाचा. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्व्हिन (हे उजेडाच्या रंगाचं माप) धरलं तर उघड्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड ७००० ते ८००० पर्यंत जातो आणि त्वचा निळसर, आजारी दिसते. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंग-दुरुस्ती, सावलीच्या खुणेवर ठेवा किंवा रॉ (कच्च्या फाइल) मध्ये काढून नंतर दुरुस्त करा. पण हिरवळीवरून परतलेला हिरवा उजेड हनुवटीखाली शिरला असेल किंवा शेजारच्या रंगीत भिंतीने एक गाल लाल केला असेल, तर व्हाइट बॅलन्सने तो जात नाही, कारण चेहऱ्याच्या एकाच भागावर तो असतो. तिथे दोन पावलं सरकणं हाच उपाय.

ढगाळ दिवसाला लोक फोटोग्राफीचा आदर्श उजेड म्हणतात. मी तेवढा खूश नसतो. उजेड मऊ असतो हे खरं, पण तोही वरूनच येतो. खोबणी काळ्या होत नाहीत, करड्या होतात. त्या दिवशीही छज्जाखाली या, नाहीतर हनुवटी जरा वर घ्यायला सांगा, किंवा कुणाला तरी छातीच्या खाली पांढरा रिफ्लेक्टर आडवा धरू द्या. चंदेरी रिफ्लेक्टर ढगाळ दिवशी चालतो, उन्हात मात्र माणूस डोळे मिटून घेतो आणि खालून आलेला तो कडक उजेड भीतीपटातला वाटतो. पांढरा बहुधा पुरतो.

आणि उतरता सूर्य. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. विषुववृत्ताच्या जवळ तो जवळजवळ उभा खाली उतरतो, म्हणून तिथे सोनेरी वेळ झटकन संपते, ध्रुवांकडच्या प्रदेशांत ती रेंगाळते. तुमच्याकडे ती किती टिकते हे आधीच्या दिवशी बघून ठेवा आणि त्याआधी पाऊण तास जागेवर पोचा. या वेळी मी सूर्य बहुतेकदा माणसाच्या पाठीमागे, जरा बाजूला ठेवतो. केसांना आणि खांद्याला उजळ कड मिळते, माणूस डोळे बारीक करत नाही आणि चेहरा समोरच्या आकाशाने उजळतो. इथे कॅमेरा फसतो. मागचा झगझगाट बघून तो फोटो गडद करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) एक ते दीड स्टॉप वाढवा. किंवा स्पॉट मीटरने, म्हणजे एकाच लहान जागेचा उजेड मोजणाऱ्या मीटरने, स्वतःचा तळहात चेहऱ्यावर पडणाऱ्याच उजेडात धरून मोजा आणि मीटर सांगेल त्यापेक्षा एक स्टॉप जास्त द्या. चेहऱ्याची त्वचा गोरी असो की सावळी, तळहात बहुतेकांचा सारखाच उजळ असतो, म्हणून हे माप विश्वासाचं. सूर्य थेट काचेवर आला तर फोटो पांढुरका पडतो आणि ऑटोफोकस चाचपडतो. हूड लावा, तरी झालं नाही तर सूर्य माणसाच्या डोक्यामागे किंवा एखाद्या फांदीमागे जाईल इतकं सरका.

ॲपर्चर आणि उजेड एकमेकांना कुठे अडवतात तेही बघून घ्या. भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला एफ/१६ वर शटर सुमारे १/१०० लागतं, हा फिल्मच्या काळापासूनचा अंदाज आजही बरोबर आहे. एफ/१.८ पर्यंत उघडलंत की तोच हिशेब १/८००० वर जातो. कित्येक कॅमेऱ्यांचं यांत्रिक शटर १/४००० ला थांबतं. मग फोटो जळतो आणि आपल्याला वाटतं मीटर बिघडला. उघड्या सावलीत उजेड तीन स्टॉप कमी असतो, तिथे एफ/२.८ ला १/४०० येतं, निवांत. म्हणजे सावलीत गेल्याने चेहराही सुधारतो आणि शटरही सुटतं. उन्हातच फ्लॅशने सावल्या भरायच्या असतील तर साध्या फ्लॅशची शटरमर्यादा १/२०० च्या आसपास असते आणि त्या वेगाला उन्हात एफ/११ वर बसावं लागतं. उजेड अडवणारा तीन स्टॉपचा एनडी फिल्टर लावला की एफ/४ मिळतं. हाय स्पीड सिंक, म्हणजे त्याहून वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणं, हा दुसरा मार्ग, पण त्यात फ्लॅशचा जोर बराच कमी होतो, त्यामुळे फ्लॅश माणसाच्या अगदी जवळ आणावा लागतो.

रचनेबद्दल तुम्ही फारसं विचारलेलं नाही, पण पाठवलेल्या वर्णनावरून एक शंका येते: तुम्ही सगळे फोटो उभ्याने, डोळ्याला कॅमेरा लावून काढता. चेहऱ्याच्या फ्रेमला ते ठीक, लेन्स माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. कमरेपर्यंतच्या फ्रेमला ती छातीच्या उंचीवर आणा, पूर्ण उंचीला कमरेच्या. नाहीतर डोकं मोठं आणि पाय आखूड येतात. गुडघा टेकायचा कंटाळा हे पूर्ण उंचीचे फोटो बिघडण्याचं मुख्य कारण आहे, माझ्याही. खाली गेल्याने आणखी एक होतं: क्षितिजाची रेघ सरकते. ती मानेतून किंवा कानांतून गेली तर चेहरा कापल्यासारखा दिसतो. ती खांद्याच्या खाली किंवा डोक्याच्या पूर्ण वर जाईल अशी उंची निवडा. डोक्यातून उगवलेला खांब किंवा फांदी यांनाही हाच इलाज, फक्त आडवा: कॅमेरा वीतभर डावी-उजवीकडे. माणूस जवळ आणि पार्श्वभूमी लांब असल्यामुळे एवढ्यानेही मागचं सगळं बदलतं.

फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या तृतीयांशांच्या जाळीचं मी फार मनावर घेत नाही. डोळे फ्रेमच्या वरच्या भागात आले, डोक्यावर हातभर रिकामं आकाश राहिलं नाही आणि माणूस ज्या बाजूला बघतोय तिथे नजरेला जागा राहिली, की बहुतेक काम झालं. कापताना मनगट, कोपर, गुडघा, घोटा या सांध्यांवर कापू नका, मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापा.

चेहऱ्याचा आकार लेन्सवर नव्हे, अंतरावर ठरतो. नाकाचं टोक कानापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतं. अर्ध्या मीटरवरून काढलात तर नाक कानाच्या मानाने २४ टक्के मोठं येतं, २ मीटरवरून सहाच टक्के. ८५ चं पोर्ट्रेटसाठी जे कौतुक होतं ते यामुळे, ती तुम्हाला मागे उभं राहायला लावते. मोबाइलवरही हेच: एक-एक्स ने जवळ जाऊ नका, दोन किंवा तीन-एक्स निवडून मागे सरका. पोर्ट्रेट मोडची धूसरता सॉफ्टवेअर घालतं, ती केसांच्या कडांवर पकडली जाते, म्हणून तिथेही खऱ्या अंतराने मागचं साफ ठेवलेलं बरं.

आणि जागाच महत्त्वाची असेल, माणूस आपल्या कामाच्या ठिकाणी उभा असेल, तर ८५ बाजूला ठेवा. ३५ मिमी, एफ/४ किंवा ५.६, आणि मागचं ओळखू येऊ द्या. हत्यारं, दारं, यंत्रं विरघळवून टाकलीत तर तो माणूस कुठेही उभा असू शकतो, मग तिथपर्यंत गेलातच कशाला?

राहिली एफ/१.४. भोक ४७ चं ६१ मिमी होतं आणि पाऊण स्टॉप उजेड जास्त मिळतो. सूर्य मावळल्यावर तुम्ही बरंच काम करत असाल तर तो पाऊण स्टॉप मोलाचा आहे, जरूर घ्या. पण दीड मीटरवर डेप्थ ऑफ फील्ड अडीच सेंटिमीटरवर येईल आणि डोळ्यांची तक्रार तुमची तुम्हालाच भोवेल. आणि भिंतीचं म्हणाल, तर अर्ध्या मीटरवर भिंत असताना २ मीटरवरून एफ/१.८ ने ९ मिमी धूसरता मिळते, एफ/१.४ ने १२. तुमच्याच लेन्सने, त्याच एफ/१.८ ला, माणसाला भिंतीपासून आणखी चार पावलं पुढे घ्या आणि तुम्हीही चार पावलं मागे सरा: ९ चे ३० होतात.